नऊ वार आणि एक खण

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी दरसाल एकच प्रश्न उभा राहतो. फराळाचा नव्हे, रोषणाईचाही नव्हे. प्रश्न असतो, 'यंदा काय नेसायचे?' पूर्वी तो बायको विचारी, मग मुलगी विचारू लागली, आता नात विचारते. विचारणारी बदलली, प्रश्न तोच. उत्तर देणाऱ्याचीही तीच तऱ्हा. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. मला काय विचारले आणि मी इतिहास सांगितला नाही, असे सहसा होत नाही. तेव्हा यंदा नातीने विचारले, "आजोबा, पैठणी नेसू, इरकल नेसू की खणाचे काही शिवू? सध्या खणाची फार चलती आहे," तेव्हा मी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. ती समजली. म्हणाली, "थांबा, आधी चकल्या तळून येते."

ती चकल्या तळते आहे तोवर वाचकांनाच सांगतो.

शरद ऋतू आणि नवे कापड यांची सांगड काही दुकानदारांनी घातलेली नाही. पाऊस सरतो, खरिपाचे पीक घरात येते, बलुतेदाराला बलुते मिळते, हातात चार पैसे खुळखुळतात. वर्षभर विरलेले धडोते टाकून नवे घेण्याची ऐपत साध्या माणसाला याच दिवसांत येई. दसऱ्याला पागोटे, दिवाळीला लुगडे, भाऊबिजेला खण, असा हा क्रम शेताच्या हिशेबानेच लागला.

कापडाचा आपला धंदाही काही आजकालचा नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक दर्यावर्द्याने आपल्या समुद्रमार्गांची एक माहितीवजा पोथी लिहिली, तिला 'पेरिप्लस' म्हणतात. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले धाराशिवकडचे तेर, अशी नोंद तीत आहे. मौज अशी, की पैठणहून गोमेदासारखे खडे गाड्या भरभरून येत, आणि तलम मलमल व जाडेभरडे कापड येई ते तेरहून, असे तो लिहितो. पैठणच्या अभिमान्यांनी रागावू नये. पैठणीने पुढे त्या गावाची कसर भरून काढली आहे.

पण त्या काळी आपल्या बायका नेसत काय? कार्ल्याच्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवर जी दांपत्ये कोरली आहेत ती पाहून यावीत. शिवलेले वस्त्र अंगावर जवळजवळ नाहीच. जे आहे ते गुंडाळायचे, चुणायचे, खोचायचे. कापड कापायचे नाही, नेसायचे, ही आपली फार जुनी चाल. तिचेच भरघोस रूप म्हणजे नऊवारी लुगडे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, आजच्या मापाने सव्वाआठ मीटर. कासोटा मागे खोचला की बाई धुणे धुवायला, भात लावायला, विहिरीचे पाणी शेंदायला, वेळ आली तर घोड्यावर बसायलाही मोकळी. पुरुषाच्या धोतराला कासोटा आणि बाईच्या लुगड्यालाही कासोटा. हिंदुस्थानच्या पुष्कळशा भागांत असे नाही.

आता पैठणी. पैठणीचे मर्म जरीत आहे असे बहुतेकांना वाटते. ते तिच्या विणीत आहे. पदरावरचा मोर, पोपट किंवा कमळ विणताना प्रत्येक रंगाच्या सुताची वेगळी कांडी असते. एक रंग संपला तेथे विणकर ते सूत दुसऱ्या रंगाच्या सुतात अडकवतो आणि माघारी वळवतो. म्हणून अस्सल हातविणीचा पदर उलटा करून पाहिला तरी मोर मोरच दिसतो. पाठीमागे लोंबते किंवा कातरलेले धागे दिसले, तर ती यंत्राची विण समजावी. येवल्यात एकेका भारी पदरावर विणकराचे महिनेच्या महिने जातात. घेणाऱ्याने भाव जरूर करावा, पण पदर उलटा करून पाहिल्यावर करावा. मग आवाज आपोआप खाली येतो.

माहेश्वरीची गोष्ट निराळी. अहिल्याबाई होळकरांनी नर्मदाकाठी महेश्वरला राजधानी केली आणि विणकरांना तेथे आश्रय दिला. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरची नक्षी त्या साड्यांच्या काठांवर उतरली असे म्हणतात, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर ते खरे वाटते. स्वतः अहिल्याबाई साध्या पांढऱ्या वस्त्रात राहत. दुसऱ्यांनी नेसण्याच्या रंगांची काळजी मात्र त्यांनी घेतली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे मला तिचे काम आहे.

इरकल आणि खण ही दोन्ही आताच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्याची लेणी, पण त्यांचे माहेर मराठी घरेच. इरकलीचे अंग बहुधा सुती असते आणि पदर रेशमी. दोघांचे ताणे वेगळे, ते मागावरच एकमेकांत अडकवून जोडायचे. खण येतो गुळेदगुड्डहून. एका चोळीला पुरेल इतकेच ते कापड, दोन्ही बाजूंना काठ, मध्ये बारीक बुट्टी. त्रिकोणी घडी घालून दुकानात असे रचतात की जणू कंदीलच टांगले आहेत. चोळीपुरता तुकडा, किंमत बेताची. गरिबातला गरीब भाऊसुद्धा बहिणीला खण देऊ शके. म्हणूनच तो भाऊबिजेचा झाला आणि ओटीचा झाला.

रंगांविषयी दोन शब्द. तांबडा पक्का रंग आलाच्या मुळांपासून काढीत. वऱ्हाड-खानदेशात हे आल मुद्दाम लावीत, आणि मुळे कामाची व्हायला तीन वर्षे थांबावे लागे. कुसुंब्याच्या फुलांचा रंग पाहायला फार गोड, पण धुण्यात टिकत नसे. मग १८५६ साली विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराने क्विनीन करण्याच्या खटपटीत चुकून जांभळा रंग केला. पुढे तेरा-चौदा वर्षांच्या आत डांबरातून तांबडा रंगही निघाला, आणि १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. तीन वर्षे जमिनीत मुळे वाढवणाऱ्या शेतकऱ्याचे काम संपले. रंगाऱ्याचे पिढीजात शहाणपण एका पुडीत मावू लागले. बायकांना मात्र स्वस्तात दहा नवे रंग मिळाले. इतिहासात असा निर्भेळ तोटा किंवा निर्भेळ नफा सहसा सापडत नाही.

आणि आता त्या वादाकडे येतो, ज्याने मराठी घरे पन्नास वर्षे घुमत होती: काष्ट्याचे की गोल? सकच्छ की विकच्छ?

ही गोल नेसण आली कोठून? पुष्कळांना वाटते, सिनेमातून. गोष्ट त्याहून जुनी आहे आणि मुंबईहून जाते. सत्येंद्रनाथ ठाकूर, रवींद्रनाथांचे थोरले बंधू, आय. सी. एस. झालेले पहिले हिंदी गृहस्थ, १८६४ साली मुंबई इलाख्यात नोकरीवर आले. बरोबर पत्नी ज्ञानदानंदिनी. बंगाली बायका तेव्हा आत काही न घालता एकच साडी गुंडाळीत. घराबाहेर पडायचे तर कसे, हा प्रश्नच होता. म्हणून निघण्यापूर्वी एका फ्रेंच दुकानातून तिच्यासाठी 'पौर्वात्य' पोशाख शिवून घेतला. तो इतका अवघड की तिचा तिला घालता येईना! मुंबईत पारशी स्त्रियांची नेसण तिने पाहिली आणि उचलली. पदर मात्र डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा. आत परकर आणि अंगात पोलके. हीच नेसण घेऊन ती कलकत्त्याला गेली आणि तेथून ती देशभर पसरली. ठाकूर पुढे आमच्या साताऱ्यासही न्यायाधीश होते आणि त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. देवाणघेवाण बरोबरीची झाली म्हणायची.

दुसरी एक बाई आठवते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली, अठरा वर्षांची पोर, वैद्यक शिकायला एकटी अमेरिकेला गेली. फिलाडेल्फियाची थंडी आणि नऊवारीत उघड्या राहणाऱ्या पोटऱ्या यांचे जमेना. देशी वेष सोडायचा नाही ही तर प्रतिज्ञा. तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, म्हणजे पाय झाकले जातील आणि साडी साडीच राहील. ही चैन नव्हती. नेसण बदलली नसती तर तिला तेथे वर्गात बसणे कठीण होते. मार्च १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये गेली. नेसणीवरून घरच्या सुनांना बोल लावणाऱ्यांनी तिची आठवण ठेवायला हवी होती.

कापड म्हणजे केवळ हौस नव्हे, हे या देशाला शरद ऋतूतच एकदा कळले. ७ ऑक्टोबर १९०५, दसऱ्याचे दिवस. पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. पुढाकार तरुण विद्यार्थी सावरकरांचा, हजर लोकमान्य टिळक. त्यापायी सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी मुंबईत परळला तशीच मोठी होळी पेटवली. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे बाबू गेनू आडवा झाला, तो उठला नाही. पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळचा तो साधा गिरणी कामगार. कापड विणणाऱ्या हातांनीच कापडासाठी जीव दिला.

इतके सांगून झाले तरी आमच्या घरची गोष्ट राहिलीच आहे. खरे म्हणजे तीच सांगायची होती.

१९१८ च्या पावसाळ्याअखेर मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाची साथ आली. ऑक्टोबरात तिने कहर केला. माझे आजोबा त्या साथीत गेले. आजी वीस वर्षांची, माझे वडील दोन वर्षांचे. दोनतीन आठवड्यांवर दिवाळी. ती दिवाळी आमच्या घरी झाली नाही, आणि आजीची तर त्यानंतर कधीच झाली नाही. त्या काळी ब्राह्मण घरांत विधवेची जी रीत होती ती झाली. केस गेले, चोळी गेली, अंगावर तांबडे आलवण आले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून सभा घेतली होती. १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवेशी विवाह केला होता. पण सुधारणा पुस्तकात आली म्हणजे आपल्या वाड्यात आली असे नसते. आमच्या वाड्याला तिला पोचायला आणखी पुष्कळ वर्षे लागली.

मी आजीला पाहिले ते आलवणातच. लहानपणी मला वाटे की आजी या जातीला जन्मतःच तांबडे लुगडे असते.

१९४९ ची दिवाळी मला लख्ख आठवते. मी आठ वर्षांचा. महायुद्धात कापडावर नियंत्रण आले होते, १९४३ पासून. नऊवारी लुगडे एक, त्यातच पाचवारी जवळजवळ दोन व्हावीत, हा हिशेब प्रत्येक घरात कोणी ना कोणी मनात करीत असे. माझ्या आईने तो करून दाखवला. पाडव्याच्या सकाळी ती गोल पातळ नेसून माजघरात आली. निळे, पांढऱ्या ठिपक्यांचे. आमचे चुलत आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, ओसरीवर बसले होते. त्यांनी आईकडे न पाहता, पण तिला ऐकू जाईल असे म्हटले, "या घरात आजवर विकच्छ कोणी वावरले नाही. देवाला शिवू नये म्हणावे." घर गप्प झाले. वडीलही गप्प. आई तशीच मागे वळली, बहुधा बदलायलाच.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून आजी बोलली. ती तात्यांसमोर कधी बोलत नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती म्हणाली, "सूनबाई, बदलू नकोस. नैवेद्याचे ताट तूच घे. मी काय नेसायचे ते मला कोणी विचारले नव्हते. तुला तरी विचारू देत."

एवढेच. पुन्हा तो विषय आमच्या घरी निघाला नाही. आईने पाचवारी पातळ सोडले नाही आणि तात्यांनी बोलणे सोडले. पुढे चारसहा महिन्यांनी तात्या तिच्या हातचा चहा मागून घेऊ लागले, तो समेट समजावा.

आजी १९६४ मध्ये गेली. तिची एक लाकडी पेटी होती, किल्ली नेहमी कनवटीला. तेरावे झाल्यावर आईने ती उघडली. वर दोन आलवणे, एक जपमाळ, पोथी. खाली, कागदात गुंडाळलेले खण. एकेक खण वेगळ्या कागदात, घडीसुद्धा मोडलेली नाही. आईने मोजले, एकोणीस भरले.

आम्हाला वाटले, सुनेसाठी, नातसुनांसाठी साठवले असतील. पण मी नुकताच इतिहासाचा शिक्षक झालो होतो आणि कागद पाहिला की तारीख शोधायची खोड लागली होती. ते कागद वर्तमानपत्रांचे होते. पुष्कळांच्या कोपऱ्यात साल शाबूत होते. सर्वांत जुना १९१९ चा, सर्वांत नवा १९३७ चा. जेथे महिना वाचता आला तेथे तो दिवाळीचाच. माझी आई या घरात आली १९३८ साली.

मग कोडे उलगडले. आजीचे धाकटे भाऊ, आमचे आप्पामामा, दरसाल कराडहून भाऊबिजेला येत. आजी ओवाळी आणि ते ताटात एक लहानसे पुडके ठेवीत. ते मी लहानपणी पाहिलेले होते. माझ्या वेळी ते पुडके उघडून आजी खण आईच्या हातात देई. पण आई यायच्या आधीची एकोणीस वर्षे? ज्या बहिणीला चोळी घालण्याची मनाई होती, तिच्यासाठी तो भाऊ दरसाल गुळेदगुड्डचा खण विकत घेत होता. त्याला ठाऊक होते की ती तो शिवणार नाही. तिलाही ठाऊक होते. बाहेर बोलायची सोय दोघांनाही नव्हती. तो आणीत राहिला, ती ठेवीत राहिली.

अहिल्याबाईंचे पांढरे वस्त्र आणि त्यांनी वसवलेले रंगीत माग लक्षात ठेवा म्हणून सांगितले होते, ते यासाठी. स्वतःला न मिळालेला रंग दुसऱ्याला मिळावा म्हणून झटणाऱ्या बाया या देशात थोड्या झाल्या नाहीत. त्यांची नावे फार थोड्यांची राहिली, इतकेच.

त्या एकोणीस खणांपैकी सहा घडीवर फाटले, जुने रेशीम घडीवरच जाते. बाकीचे आईने घरातल्या बायकांना वाटले आणि अट घातली, की शिवायचे, ठेवायचे नाही. बहुतेकींनी शिवले. एक माझ्या बायकोच्या वाट्याला आला. तिने मात्र अट मोडली. म्हणे, मन होत नाही. तो आमच्या कपाटात अजून आहे, हिरवा, तांबड्या काठांचा, १९२७ च्या कागदात.

चकल्या तळून झाल्या. नात हात पुसत आली आणि म्हणाली, "झाला का इतिहास? आता सांगा, काय नेसू?"

मी पूर्वी असे प्रश्न ऐकून कुरकुरत असे. आयती शिवलेली नऊवारी पाहिली की मला हसू येई. सत्तावीस फूट कापड नेसण्याची विद्या चेनच्या एका ओढीत आटपली! खणाच्या चोळीचे कापड उचलून त्याच्या साड्या, झगे, पिशव्या झालेल्या पाहिल्या तेव्हाही मी नाक मुरडले. पण अलीकडे माझा आवाज खाली आला आहे. ज्या पोरीला आपण काय नेसावे हे ठरवता येते, ती काहीही नेसली तरी आमच्या वाड्याच्या दोन पिढ्या पुढे आहे. मागावर बसलेल्या माणसाचे पोट त्यातून भरत असेल तर फारच उत्तम.

म्हणून यंदा मी तिला व्याख्यान दिले नाही. मोजके सांगितले. पैठणी घेणार असशील तर पदर उलटा करून पाहा. इरकल घेणार असशील तर अंग आणि पदर जोडलेले आहेत तेथे बोट फिरवून पाहा, बारीक शिवेसारखी कड लागेल. नऊवारी नेसायची तर एकदा तरी न शिवलेली नेस, तुझी आत्या शिकवील. आणि पाडव्याला निळ्यावर पांढरे ठिपके असलेले काही नेसलीस तर मला आवडेल. का, ते विचारू नकोस.

मग कपाट उघडले आणि १९२७ चे पुडके तिच्या हातात दिले. तिने कागद उलगडला, साल वाचले, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, हा टाके सोसेल का?"

मी म्हटले, "ते शिंप्याला विचार. मी इतिहासाचा मास्तर."

ती शिंप्याकडे गेली आहे. अस्तर लावून होईल असा निरोप आताच आला. भाऊबिजेला घालीन म्हणते. तिचा भाऊ पुण्याहून यायचा आहे. सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा. कोणाच्या पेटीत एखादा खण घडी न मोडता पडला असेल, तर तो यंदा बाहेर काढावा, इतकी या म्हाताऱ्याची विनंती आहे.